गर्दीची रंगीत तालीम

6 ऑक्टोबर 2014, सोमवार. सकाळी आठ वाजता फ्लिपकार्टचा पहिला 'बिग बिलियन डे' सुरू झाला आणि थोड्याच वेळात साइट रडतखडत चालू लागली. कार्टमध्ये टाकेपर्यंत वस्तू संपलेल्या दिसत होत्या, पैसे भरताना पानं अर्ध्यावर अडकत होती. दहा तासांत सुमारे 600 कोटी रुपयांची विक्री झाली खरी, पण दुसऱ्याच दिवशी कंपनीचे संस्थापक सचिन बन्सल आणि बिन्नी बन्सल यांनी ग्राहकांना पत्र लिहून माफी मागितली. त्या पत्रातला एक तपशील आमच्या क्षेत्रातल्या लोकांनी पुन्हा पुन्हा वाचला. जवळपास 5000 सर्व्हर लावले होते आणि वर्दळ वीसपट वाढेल असं धरून तयारी केली होती.

वीसपट म्हणजे कशाच्या वीसपट? दिवसभराच्या सरासरीच्या, की दार उघडल्यावरच्या पहिल्या मिनिटाच्या? लोड टेस्टिंग, म्हणजे साइटवर खोटी गर्दी सोडून तिची ताकद आधीच पाहण्याच्या आमच्या कामाचा गेल्या वीस-बावीस वर्षांतला सगळा प्रवास मला या एका प्रश्नात दिसतो. किती माणसं येतील याचा अंदाज बांधायला आम्ही लवकर शिकलो. ती कशी येतील, आत आल्यावर काय करतील आणि कशी बाहेर पडतील, हे कळायला मात्र फार वेळ लागला.

आपल्याकडे या विषयाची पहिली शाळा म्हणजे रेल्वेचं तिकीट. आयआरसीटीसीची ऑनलाइन तिकीटविक्री 2002 मध्ये सुरू झाली, तेव्हा तिकीट साइटवर काढायचं आणि ते कुरिअरने घरी यायचं, अशी पद्धत होती. इंटरनेट घरोघरी नव्हतं, त्यामुळे भारही बेताचा. पुढे ई-तिकीट आलं, सायबर कॅफे आले, आणि सकाळी आठचा ठोका हा देशातल्या एका साइटचा रोजचा कसोटीचा क्षण होऊन बसला. सर्वसाधारण आरक्षण आठला उघडायचं, तत्काळही आठलाच. जुलै 2012 मध्ये तत्काळची वेळ दहावर नेली. जून 2015 मध्ये त्याचेही दोन भाग झाले, वातानुकूलित डब्यांसाठी दहा आणि बाकीच्यांसाठी अकरा. मधल्या काळात, 2014 मध्ये, रेल्वेच्याच क्रिस या संगणक संस्थेने बांधलेली नवी प्रणाली आली आणि मिनिटाला 2000 तिकिटांची क्षमता 7200 वर गेली. या दोन उपायांपैकी वेळा बदलण्याचा उपाय मला जास्त शहाणपणाचा वाटतो. त्याला एकही सर्व्हर लागला नाही. गर्दी मोजून न थांबता ती कोणत्या घटकेला येते हे कुणीतरी नीट पाहिलं होतं.

आमच्या धंद्यात मात्र त्या काळात आकड्यांचंच राज्य होतं. लोडरनर हे त्या वेळचं मातब्बर हत्यार. मर्क्युरी इंटरॅक्टिव्ह या कंपनीचं, 2006 मध्ये ती एचपीने घेतली. त्याचं लायसन्स व्हर्च्युअल युजरच्या, म्हणजे खोट्या ग्राहकांच्या, संख्येवर असायचं आणि ते चांगलंच महाग होतं. म्हणून अनेक ठिकाणी लायसन्स जितक्या युजरचं, चाचणीही तितक्याच युजरची, असा शिरस्ता पडला. जेमीटर फुकट होतं. स्तेफानो माझ्झोक्की यांनी 1998 च्या सुमारास ते लिहिलं आणि अपाचेच्या छत्राखाली ते वाढलं. पुण्या-बंगळुरातल्या टेस्टरांच्या एका अख्ख्या पिढीने लोड टेस्टिंगचा श्रीगणेशा त्यावरच केला. हत्यार फुकट झालं तरी सवय जुनीच राहिली. पाचशे युजर लावायचे, अर्धा तास चालवायचं, सरासरी रिस्पॉन्स टाइम दोन सेकंदांच्या आत दिसला की रिपोर्ट हिरवा करून साइन-ऑफ घ्यायचा.

हिरव्या रिपोर्टमागे काय राहून जातं, हे एका उदाहरणाने सांगतो. दिवाळीचा फराळ परदेशातल्या मराठी कुटुंबांना पाठवणारा एक व्यावसायिक घ्या. ऑर्डर स्वीकारायची शेवटची तारीख जाहीर झाली की दोन दिवसांत झुंबड उडते. साइटच्या मागे डेटाबेस आहे आणि त्याच्याशी एका वेळी शंभर कनेक्शन ठेवता येतात. एका ऑर्डरला कनेक्शन 50 मिलिसेकंद लागत असेल, तर सेकंदाला दोन हजार ऑर्डरी निघतात. फराळाच्या दुकानाला एवढं डोक्यावरून पाणी. चाचणीत अगदी असंच दिसतं, कारण चाचणीत खरा पेमेंट गेटवे नसतो. त्याच्या जागी एक डमी असतो आणि तो क्षणात 'पैसे मिळाले' असं उत्तर देतो. खरा गेटवे बँकेला विचारून यायला दोन सेकंद घेतो. प्रोग्रामरने ते दोन सेकंद डेटाबेसचं कनेक्शन हातात धरून ठेवलेलं असेल, तर त्याच शंभर कनेक्शनांतून सेकंदाला पन्नासही ऑर्डरी निघत नाहीत. दोन हजारांचे पन्नास. सर्व्हर तोच, सीपीयू निवांत, मेमरी मोकळी, आणि ग्राहकापुढे गोल फिरणारं चक्र.

हा हिशेब नवा नाही. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये रांगांचा एक नियम सिद्ध केला. आत असलेल्यांची संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाचा आत राहण्याचा वेळ. वेळ चाळीसपट झाला की आत चाळीसपट माणसं साठतात, मग बाहेरची गर्दी एकानेही वाढली नसली तरी. लोड टेस्टिंगच्या प्रत्येक नवख्याला मी जेमीटरच्या आधी हा नियम शिकवतो.

आणि माणूस गप्प बसत नाही. पान हललं नाही की तो रिफ्रेश दाबतो, दुसऱ्या फोनवर साइट उघडतो, घरातल्या दोघांना कामाला लावतो. भार वाढवायला नवे ग्राहक लागतच नाहीत, अडलेले ग्राहकच तो वाढवतात. आमचे व्हर्च्युअल युजर मात्र फार सोशिक होते. ते पान येईपर्यंत शांतपणे थांबायचे, सगळे एकाच टेस्ट अकाउंटने लॉगिन करायचे आणि सगळे तीच एक वस्तू मागायचे. ती वस्तू एकदा कॅशेत बसली की डेटाबेसला हातही लागत नसे. स्क्रिप्ट चोख चालायची, पण तिच्यात गिऱ्हाईक नसायचं.

2016 नंतर चित्र झपाट्याने पालटलं. जूनमध्ये ॲमेझॉनच्या क्लाउडचं मुंबई केंद्र उघडलं, सप्टेंबरात जिओ आलं, नोव्हेंबरात नोटाबंदी झाली. लोकांच्या हातात स्वस्त डेटा, पैसे भरायला फोन, आणि कंपन्यांना तासाच्या भाड्याने सर्व्हर. 'ऑटोस्केलिंग आहे ना, गर्दी वाढली की सर्व्हर आपोआप वाढतात, मग टेस्ट कशाला?' हा प्रश्न तेव्हापासून दर प्रकल्पात कुणीतरी विचारतंच. उत्तर साधं आहे. नवं मशीन उभं राहून कामाला लागायला मिनिटं जातात, लोंढा सेकंदांत येतो. शिवाय मशीन वाढतात तशी डेटाबेसची कनेक्शनं आपोआप वाढत नाहीत.

हे सगळ्यात नेमकं समजलेले लोक म्हणून मी हॉटस्टारच्या इंजिनिअरांचं नाव घेईन. 10 जुलै 2019, ओल्ड ट्रॅफर्ड, विश्वचषकाची उपांत्य फेरी. धोनी खेळपट्टीवर असताना एकाच वेळी 2 कोटी 53 लाख लोक हॉटस्टारवर सामना बघत होते. गप्टिलची फेक लागली, धोनी धावबाद झाला, आणि तो आकडा बघता बघता दहा लाखांच्या खाली आला. कुणालाही वाटेल की आता सुटका झाली. पण सामना बघणाऱ्याचा भार मुख्यतः व्हिडिओ पोहोचवणाऱ्या जाळ्यावर असतो. तोच माणूस 'बॅक' दाबून होम पेजवर आला की त्याच्यासाठी शिफारशी, याद्या, खात्याची माहिती असं सगळं मागच्या सर्व्हरकडून एकदम मागितलं जातं. कोट्यवधी माणसं जाता जाता मागच्या सर्व्हरचं दार ठोठावून जातात. हॉटस्टारने हे आधीच ओळखलं होतं. लोड टेस्टसाठी त्यांनी 'प्रोजेक्ट हल्क' नावाची स्वतःची यंत्रणा उभी केली होती आणि तीत गर्दीच्या चढाबरोबर अशा उताराचीही तालीम होत असे. ऑटोस्केलिंगच्या भरवशावर न राहता प्रेक्षकसंख्येच्या पायऱ्या ठरवून सर्व्हर आधीच वाढवले जात. अगदीच निकराची वेळ आली, तर शिफारशींसारख्या दुय्यम गोष्टी बंद करून सामना चालू ठेवण्याची सोय होती. काय वाचवायचं आणि काय सोडायचं, हे त्यांनी शांत डोक्याने आधी ठरवून ठेवलं होतं. 2023 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात तिथला आकडा 5 कोटी 90 लाखांवर गेला.

28 एप्रिल 2021 च्या दुपारी चार वाजता कोविड लसीकरणाच्या कोविन पोर्टलवर अठरा वर्षांवरच्यांची नोंदणी उघडली, तेव्हा आणखी एक धडा मिळाला. सुरुवातीच्या काही मिनिटांत पोर्टल डगमगलं, पण दिवसभरात सव्वा कोटीहून जास्त नोंदण्या झाल्या. खूप जणांची अडचण पोर्टलपेक्षा ओटीपीची होती, तो येतच नव्हता. आपली साइट कितीही भक्कम असली तरी एसएमएस, पेमेंट, नकाशा, कुरिअरचा दर सांगणारी सेवा ही सगळी दुसऱ्यांची घरं असतात आणि त्यांच्यावर न विचारता भार टाकून बघता येत नाही. म्हणून हल्ली आम्ही डमी गेटवेला मुद्दाम संथ करतो. दहातल्या एका वेळी तो पाच सेकंद घेईल आणि शंभरातल्या एका वेळी उत्तरच देणार नाही, असं त्याला बजावून मग भार सोडतो. फराळाच्या दुकानासारख्या धंद्याला या एका बदलातून जे कळतं, ते युजरची संख्या दहापट करूनही कळत नाही.

22 सप्टेंबर 2024 ला नवी मुंबईतल्या कोल्डप्लेच्या कार्यक्रमांची तिकिटं बुकमायशोवर निघाली. साइट आणि ॲप विक्रीच्या तोंडावर काही वेळ बंद पडले आणि मग रांग सुरू झाली. पंढरपूरच्या दर्शनबारीसारखी, फक्त पडद्यावरची. 1 कोटी 30 लाख लोक लॉगिन झाल्याचं कंपनीने नंतर सांगितलं. तिकिटं तीन कार्यक्रमांची मिळून सुमारे दीड लाख. कितीही सर्व्हर लावले तरी बहुतेकांना 'नाही' हेच ऐकायचं होतं. पण आपला नंबर कितवा आहे हे दिसत राहणं आणि काहीच न दिसणं यांत ग्राहकाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तेव्हापासून ही रांगच आमच्याकडे चाचणीला येऊ लागली आहे. परवाच एका मोठ्या सेलच्या तयारीत आम्ही फक्त रांगेच्या पानाचीच चाचणी केली. रिफ्रेश केल्यावर नंबर टिकतो का, फोन लॉक होऊन पुन्हा उघडला तर माणूस शेवटी फेकला जातो का, लोकलमध्ये नेटवर्क दोन मिनिटं गेलं तर त्याची जागा कोण सांभाळतं, आत सोडलेल्या माणसाला पैसे भरायला किती वेळ द्यायचा. शेवटच्या प्रश्नावर मालक आणि इंजिनिअर यांच्यात तासभर वाद झाला. मालकाला दहा मिनिटं हवी होती, इंजिनिअरला चार. आम्ही दोन्ही आकडे घालून लिटल यांच्या नियमाने आत किती माणसं साठतात ते फळ्यावर मांडलं, मग ज्येष्ठ ग्राहकांना कार्डाचा नंबर टाकायला लागणारा वेळ मोजायला मालकाच्याच दुकानात गेलो.