संगणकाने सांगितलेली बाकी बरोबर उतरते का?

कापडाच्या धंद्यात बाकी हा मोठा नाजूक विषय आहे. ज्याने पैसे चुकते केले त्याला तगाद्याची चिठ्ठी गेली तर तो रकमेसाठी नाही, इज्जतीसाठी भांडायला येतो. आणि ज्या मागवाल्याचे आपण देणे लागतो त्याचे नाव यादीतून गळाले तर त्याच्याकडच्या कारागिरांची मजुरी अडते. पूर्वी मुनीमजी खतावणी उघडून हे पाहत. आता खतावणी संगणकात गेली आणि याद्या रात्री आपोआप निघतात. त्या कशा निघतात, हे मालकाने थोडेतरी समजून घ्यावे असे आम्हाला वाटते.

छोट्या पेढ्यांतले बिलाचे सॉफ्टवेअर पुष्कळदा मायक्रोसॉफ्टच्या एस्क्यूएल सर्व्हर एक्स्प्रेसवर चालते. ते फुकट मिळते, पण ठरल्या वेळी काम करणारा 'एजंट' त्यात नसतो. म्हणून संगणकवाले एक बॅच फाइल, म्हणजे एकाखाली एक लिहिलेल्या हुकुमांची यादी, करून देतात. विंडोजचा टास्क शेड्युलर ती रात्री चालवतो. ही फाइल 'एस्क्यूएलसीएमडी' या प्रोग्रामकरवी डेटाबेसला विचारते, अमुक खात्यावर बाकी किती? आलेले उत्तर 'फॉर /एफ' हा हुकूम ओळीओळीने उचलतो आणि एका नाव दिलेल्या डब्यात ठेवतो. त्या डब्याला व्हेरिएबल म्हणतात. पुढचे सारे त्या डब्यावर चालते आणि गडबडही तिथेच होते.

पहिली गडबड अशी की उत्तर एकटे येत नाही. वर रकान्याचे नाव, खाली रेघ आणि शेवटी 'इतक्या ओळी' असा कंसातला मजकूर येतो. डब्यात शेवटची ओळ उरते, म्हणजे रकमेऐवजी 'कंस एक'! प्रश्नाच्या आरंभी 'सेट नोकाउंट ऑन' लिहिले आणि एस्क्यूएलसीएमडीला '-एच -1' सांगितले की हा पसारा जातो.

दुसरी गोष्ट नावाची. हा हुकूम ओळीतला पहिला शब्दच घेतो, जागा सुटली की थांबतो. आपल्या बाजारात पहिले नाव मोहम्मद असलेल्या पार्ट्या किती, हे वाचकांना सांगायला नको. 'डेलिम्स=' असे रिकामे लिहिले तर पूर्ण ओळ मिळते. पण आम्ही म्हणतो, नाव मागवूच नये, खाते क्रमांक मागवावा. उर्दू किंवा मराठीत लिहिलेली नावे काळ्या पडद्याच्या वाटेने येताना कित्येकदा प्रश्नचिन्हे होऊन येतात.

सर्वात घातक प्रकार मात्र वेगळाच. एखाद्या खात्याला उत्तरच आले नाही तर 'फॉर /एफ' काहीच करत नाही, तक्रारसुद्धा नाही. डब्यात आधीच्या पार्टीची बाकी तशीच राहते आणि पुढच्याच्या चिठ्ठीवर छापली जाते. चिठ्ठी व्यवस्थित दिसते, आकडा खरा वाटतो, म्हणून कोणाला शंका येत नाही. यावर उपाय एका ओळीचा आहे: प्रत्येक प्रश्नाआधी डबा रिकामा करावा, आणि नंतरही रिकामाच असेल तर चिठ्ठी काढू नये. याचाच भाऊबंद म्हणजे कंसातली चूक. कंसाच्या आत % चिन्हाने विचारलेली किंमत कंस सुरू होण्यापूर्वीची मिळते. तिथे 'एनेबल डिलेड एक्स्पान्शन' चालू करून ! चिन्ह वापरावे लागते.

आता पैशांचे. बॅच फाइलचा 'सेट /ए' हा हुकूम फक्त पूर्णांक जाणतो, तेही 2,147,483,647 पर्यंत. पैशात मोजायचे म्हटले तर सव्वादोन कोट रुपयांच्या आतच तो थकतो. 08 हा आकडा त्याला समजत नाही, आणि 010 ला तो आठ समजतो. दशांश असलेल्या रकमांची तुलना 'इफ' अक्षरांप्रमाणे करतो. त्याच्या लेखी 9000.50 ही रक्कम 12000.50 पेक्षा मोठी! म्हणून हिशेब डेटाबेसनेच करावा, बॅच फाइलने फक्त निरोप पोचवावा. उदाहरणार्थ, 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे नोंदणीकृत लहान कारखानदाराचे पैसे, लेखी करार असला तरी, 45 दिवसांपलीकडे रखडवता येत नाहीत. तेव्हा 'अमुक मागवाल्याची किती बिले 40 दिवसांवर गेली' असा प्रश्न विचारावा. उत्तर साधा आकडा येईल, दशांशाची भानगड नाही.

डेटाबेसने प्रश्न नाकारला तर त्याचा मजकूरही उत्तर म्हणून डब्यात येऊ शकतो. म्हणून '-बी' हा इशारा लावून उत्तर आधी फाइलीत घ्यावे, 'एररलेव्हल' शून्य आहे का पाहावे आणि मगच ती फाइल वाचावी. काही संगणकवाले बॅच फाइलीत पासवर्ड उघडा लिहून ठेवतात. तो काढायला लावावा. '-ई' लिहिले की विंडोजच्याच ओळखीवर काम होते.

संगणकवाला फाइल देऊन जाण्याआधी त्याच्यासमोर तीन खाती काढून पाहावीत: एक ज्यावर नोंदच नाही, एक ज्याचे नाव दोन शब्दांचे आहे, एक ज्याच्या बाकीत पैसे आहेत. तिन्ही छापील खतावणीशी जुळली तरच बिल चुकते करावे.