सहलीची तारीख पाण्याला विचारा
लेखांक सहावा

मागच्या लेखांकात आपण मालवणचे सागरी अभयारण्य पाहिले. तिथे भेटीची वेळ भरती-ओहोटी ठरवते आणि पावसाळ्यात खवळलेला समुद्र तर तो प्रश्नच निकालात काढतो. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या आदिलाबादच्या रानालाही हाच न्याय लागू आहे, असे माझे म्हणणे आहे. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा ४४ क्रमांकाचा महामार्ग पैनगंगा ओलांडून या जिल्ह्यात शिरतो, त्यामुळे विदर्भातल्या माणसाला हा प्रदेश जवळचा. पण रस्ता सोपा म्हणून केव्हाही निघावे, असे हे रान नाही. कडम नदीवरचा कुंतला धबधबा नेरेडिगोंड्याजवळ सुमारे ४५ मीटर खाली कोसळतो. जुलै-ऑगस्टमध्ये त्याचे रूप सर्वांत उग्र असते आणि धोकाही तेव्हाच सर्वांत मोठा. खडक निसरडे होतात, डोहाचा अंदाज लागत नाही आणि तिथे माणसे बुडाली आहेत. उन्हाळ्यात याच कड्यावर पाण्याची बारीक धार उरते. म्हणून पाऊस ओसरल्यानंतरचे, ऑक्टोबर ते डिसेंबरचे दिवस उत्तम. तेव्हा पाणी असते आणि उतरायची वाटही बरीच सुरक्षित असते. डोहात मात्र तेव्हाही उतरू नये.

यावर जाणकार म्हणतील, जनावरे पाहायची तर एप्रिल-मेच हवा. गवत वाळते, सागाची पाने झडतात, पाणवठे मोजके उरतात आणि वाघ तिथे येतोच. ताडोब्याबाबत हे खरे आहे. आदिलाबादच्याच प्रदेशातल्या कव्वालच्या रानाबाबत मात्र ते अपुरे आहे. २०१२ साली व्याघ्र प्रकल्प झालेल्या या रानाचा गाभा सुमारे ८९२ चौरस किलोमीटरचा असला, तरी तिथे ठाण मांडून राहणारे वाघ फार थोडे. बरेचसे ताडोबा-टिपेश्वरकडून येणारे-जाणारे. ‘वॉकर’ म्हणून प्रसिद्ध झालेला टिपेश्वरचा तरुण वाघ २०१९ च्या जूनमध्ये निघाला, आदिलाबादच्या रानातून फिरला आणि डिसेंबरमध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. कव्वालचे मोल अशा वाटा जोडून ठेवण्यात आहे. तिथे केवळ वाघासाठी ४५ अंशांच्या उन्हात जाणारा बहुधा निराश होईल. पक्षी, चितळ, नीलगाय आणि सागवान पाहायला जाणारा हिवाळ्यात तृप्त होऊन परतेल. शिवाय उन्हाळा हा वणव्यांचा काळ. तेव्हा पाणवठ्याभोवती गाड्यांची गर्दी झाली, तर तहानलेल्या जनावराला मागे फिरावे लागते.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे: नोकरदार आणि शाळकरी मुलांच्या घरांना सुट्टी मिळते दिवाळीत किंवा मे महिन्यात. त्यांना माझे उत्तर असे की, दिवाळी हा इथला नेमका योग्य काळ आहे. मे दुसऱ्या ठिकाणासाठी राखून ठेवावा. मुक्काम मात्र किमान दोन करावेत. २०१६ मध्ये जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. कुंतला आदिलाबादेत राहिला, तर कव्वालचे प्रवेशद्वार असलेले जन्नारम मंचेरियाल जिल्ह्यात गेले. दोन्ही एका दिवसात उरकू पाहणारा वेळ गाडीतच घालवतो. पौष अमावास्येच्या सुमारास गेलात, तर इंद्रवेल्लीजवळ केसलापूरला नागोबाची जत्रा भरते. मेस्राम कुळातले गोंड पायी जाऊन गोदावरीचे पाणी आणतात आणि त्या पाण्याने देवाचा अभिषेक करतात. ती त्यांची उपासना आहे; फोटो काढण्यापूर्वी परवानगी घ्यावी आणि मुक्कामाची सोय आधीच करून ठेवावी.

तेव्हा निघण्यापूर्वी आपल्याला काय पाहायचे आहे ते ठरवा, त्या वेळी तिथे पाणी किती असते याची चौकशी करा, रान त्या काळात खुले आहे का हे वनखात्याकडून विचारून घ्या आणि मगच रजेचा अर्ज लिहा.