एका छपराखालची चार घड्याळे

उज्जयिनी ही कालगणनेची नगरी. प्राचीन ज्योतिर्विदांनी आपली मध्यरेखा याच नगरीवरून कल्पिली. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सवाई जयसिंगांनी येथे वेधशाळा उभारली आणि १९२३ साली माधवराव शिंदे यांच्या कारकीर्दीत तिचा जीर्णोद्धार झाला. तेथील सम्राट यंत्राच्या छायेवरून वेळ पाहिली, तर ती आपल्या मनगटावरील घड्याळाच्या सरासरी २७ मिनिटे मागे भरते. भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासून साडेब्याऐंशी अंश रेखांशावरून ठरते. उज्जैन त्याच्या पश्चिमेस सुमारे पावणेसात अंशांवर आहे आणि सूर्याला एक अंश ओलांडावयास चार मिनिटे लागतात. म्हणजे दोन्ही वेळा खऱ्याच. एक सूर्याची, दुसरी लोकव्यवहाराची.

श्रोतेहो, असेच एक घड्याळ आपल्या देहातही असते, आणि वयोमानाप्रमाणे तेही मागेपुढे होते. हे मला पुस्तकाआधी घराने शिकविले.

माधवनगरात, ज्याला सारे गाव फ्रीगंज म्हणते, आमचे बिऱ्हाड आहे. पहाटे चारच्या सुमारास, महाकालेश्वराच्या मंदिरात भस्मआरतीची वेळ होते, तेव्हा माझी वृद्ध आई उठून जपमाळ हाती घेते. जप संपला की स्वयंपाकघरात भांडी वाजू लागतात. शेजारच्या खोलीत माझी सोळा वर्षांची मुलगी असते. तिचा डोळा लागून जेमतेम चार तास झालेले. बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या बहिणीच्या तान्हुल्याला तर रात्र आणि दिवस हा भेदच ठाऊक नाही. या साऱ्यांच्या मध्ये मी, शाळेच्या घंटेला बांधलेला मास्तर.

आजीच्या मते नात आळशी, नातीच्या मते आजी हट्टी. मी अर्थातच आजीच्या बाजूचा. तिमाही परीक्षेत उत्तरपत्रिकेवरच मुलीला झोप लागल्याचे कळले, तेव्हा मी तिला सर्वांदेखत नको ते बोललो. ती एवढेच म्हणाली, “बाबा, मला दहाला झोप येतच नाही.” मला ती सबब वाटली. पुढे वाचन केले तेव्हा कळले, की ती सबब नव्हती.

आपल्या मेंदूच्या तळाशी पेशींचा एक इवलासा पुंजका असतो. डोळ्यांवाटे येणाऱ्या उजेडावरून तो दिवसरात्रीचा मेळ राखतो आणि अंधार पडू लागला की मेलॅटोनिन नावाचा निद्रासूचक स्राव सुरू करवितो. पेशींच्या आत हे घड्याळ कसे चालते, ते फळमाशीवरील प्रयोगांतून दाखविल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. नवजात अर्भकात हा ताल बसलेला नसतो. तो जमावयास पहिले दोनतीन महिने जातात. पौगंडावस्थेत हा स्राव तासदोन तास उशिरा सुरू होतो, परंतु झोपेची गरज मात्र आठ ते दहा तासांची राहते. उतारवयात घड्याळ पुढे सरकते, झोप विरळ होते आणि पहाटे जाग येते. तेव्हा आजीचे लवकर उठणे हा केवळ सद्गुण नव्हे, आणि नातीचे जागणे हा केवळ दुर्गुण नव्हे.

निसर्गाने दिलेली ही ओढ थोडी वळविता येते. तिची किल्ली उजेड होय. आता आमच्याकडे रात्री नवानंतर दिवे मंद होतात आणि मोबाइल दिवाणखान्यात राहतो. सकाळी मुलगी गच्चीवरच्या उन्हात बसून पोहे खाते. आई सायंकाळच्या उजेडात टॉवर चौकापर्यंत फिरून येते, त्यामुळे तिचा डोळा पूर्वीपेक्षा जरा उशिरा लागतो. शाळेची घंटा काही बदललेली नाही. मात्र पहिल्या तासाला पेंगणाऱ्या मुलाला मी आता उभे करीत नाही. त्याला खिडकीजवळ बसवितो आणि धडा मोठ्याने वाचावयास सांगतो.

मुलीची क्षमा मागावयास मला पंधरा दिवस लागले. आई अजूनही चारलाच उठते. पण चहाची भांडी ती आदल्या रात्रीच काढून ठेवते. परवा पहाटे मी नातीला हाक मारू लागलो, तर तिने मलाच थांबविले. म्हणाली, “राहू दे रे. तिची पहाट अजून व्हायची आहे.”