न उघडलेल्या कबरीची पन्नास वर्षे

मार्च १९७४ मध्ये चीनच्या शान्शी प्रांतात, लिनटोंगजवळ विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना भाजलेल्या मातीच्या पुतळ्यांचे तुकडे सापडले. तिथून दीडेक किलोमीटर पश्चिमेला पहिला सम्राट चिन शी हुआंग याच्या समाधीचे टेकाड उभे होते. ते कोणाचे, हे इतिहासाला कधीच अपरिचित नव्हते. विसर पडला होता तो शेजारी पुरलेल्या सैन्याचा. तीन खड्ड्यांत मिळून सुमारे आठ हजार मृण्मय सैनिक असावेत, असा अंदाज निघाला. १९७९ मध्ये संग्रहालय उघडले, १९८७ मध्ये जागतिक वारसा यादीत नाव लागले आणि सैनिकांची कीर्ती जगभर पोचली. ज्याच्या दिमतीला ते उभे केले, त्याची कबर मात्र आजही बंद आहे. कोणाला ही दिरंगाई वाटते, कोणाला लपवाछपवी. पण पन्नास वर्षांचा हिशेब मांडला, तर या स्थळाबाबतचा सर्वांत शहाणा निर्णय हाच ठरतो. त्याचे समर्थन करायला केवळ नुकसानीची भीती पुरेशी नाही. कडेकडेने खणून जे हाती लागले, तो त्याचा खरा आधार आहे.

भीतीही निराधार नव्हती. बीजिंगजवळ मिंग घराण्यातल्या वानली सम्राटाची डिंगलिंग ही कबर १९५६ ते १९५८ दरम्यान उघडली गेली. आतली रेशमी वस्त्रे टिकवायचे तंत्र हाती नव्हते, ती खराब झाली. पुढे १९६६ मध्ये सांस्कृतिक क्रांतीच्या धुमाकुळात सम्राटाचे आणि सम्राज्ञींचे अवशेष जाळले गेले. दुधाने तोंड पोळलेल्या पुरातत्त्व खात्याने मग ताक फुंकून प्यायचे ठरवले. लिनटोंगच्या सैनिकांनीही तोच धडा गिरवून घेतला. आज मातकट दिसणारे हे पुतळे मुळात रंगीत होते. भाजलेल्या मातीवर लाखवृक्षाच्या चिकाचा थर आणि त्यावर रंग, अशी त्यांची घडण. दोन हजार वर्षे ओल्या मातीत राहिलेला हा थर हवा लागताच सुकतो, आक्रसतो, त्याच्या कडा वळतात आणि काही मिनिटांत रंगासकट पापुद्रा गळून पडतो. पुढे बव्हेरियातल्या तज्ज्ञांच्या सहकार्याने पॉलिइथिलीन ग्लायकॉल वापरून हा थर धरून ठेवण्याच्या पद्धती विकसित झाल्या. तोवर बराच रंग कायमचा गेला होता.

आता कडेला काय मिळाले ते पाहू. सम्राट इसवी सनपूर्व २१० मध्ये वारला. सुमारे शतकभराने सीमा च्यान या इतिहासकाराने कबरीचे वर्णन लिहिले: पाऱ्याच्या नद्या, आपोआप सुटणारे बाण, सात लाख मजूर. त्यात मातीच्या सैन्याचा उल्लेखही नाही. म्हणजे ग्रंथ हाताशी धरून सरळ कबरीवर धडक मारली असती, तर बाहेर काय आहे याचा पत्ताच लागला नसता. १९८० मध्ये टेकाडाच्या पश्चिमेला काशाचे दोन रथ मिळाले. १९९८ नंतरच्या काही वर्षांत दगडी चिलखते, कसरतपटू, मुलकी अधिकारी आणि काशाचे राजहंस व करकोचे. केवळ फौज बरोबर नेणारा राजा या पुराव्यात मावत नाही. त्याने दरबार, कचेरी, करमणूक आणि बाग यांसकट सगळे राज्यच सोबत घेतले होते. या राज्याची किंमत कोणी मोजली, तेही परिसरातच कळले. मजुरांच्या दफनभूमीत सांगाड्यांजवळ छपराच्या कौलांचे तुकडे निघाले. त्यांवर मृताचे नाव आणि गाव कोरलेले आहे. कित्येक गावे सम्राटाच्या चिन राज्याने नुकत्याच जिंकलेल्या पूर्वेकडच्या मुलखातली. सात लाख या आकड्यामागची माणसे इथे नावानिशी भेटतात.

पण थांबणे म्हणजेही एक जोखीमच, असा आक्षेप येतो. पाणी झिरपेल, भूकंप होईल, चोर पोचतील. आक्षेप वजनदार आहे. मात्र तो जागेवर पहारा आणि सतत निरीक्षण मागतो, कुदळ मागत नाही. प्रत्यक्ष संकट उद्भवले, तर बचावासाठी खणण्याची वाट खुलीच आहे. दुसरा आक्षेप असा, की न उघडता सीमा च्यान खरा की खोटा हे कसे ठरणार? पूर्ण ठरणार नाही, हे मान्य. पण १९८०च्या दशकारंभी टेकाडावरच्या मातीत पाऱ्याचे प्रमाण असाधारण आढळले, २०२०च्या अभ्यासात हवेतही ते वाढलेले दिसले. पाऱ्याच्या नद्या यातून सिद्ध होत नाहीत. आत पारा असावा, हे मात्र बळकट होते. शिवाय घाईने मिळालेले उत्तर बरोबर असतेच असे नाही. खड्ड्यांतल्या काशाच्या शस्त्रांवर गंज रोखण्यासाठी क्रोमियमचा मुलामा दिला होता, असे कित्येक वर्षे सांगितले जाई. २०१९च्या संशोधनाने दाखवले, की ते क्रोमियम लाखेच्या लेपातून आलेले आहे आणि शस्त्रे टिकण्यात तिथल्या मातीच्या गुणधर्मांचा वाटा मोठा आहे. वस्तू जपलेल्या होत्या, म्हणून चुकीचे उत्तर दुरुस्त करता आले. कबर मात्र एकदाच उघडता येते.

म्हणून ती कधीच उघडू नये, असे नाही. लाख, रेशीम आणि लाकूड बाहेर काढल्याच्या क्षणापासून टिकवता येईल, याची खात्री आधी हवी. ती पारखायला जागाही शेजारीच आहे: आठ हजारांच्या अंदाजातले बहुतेक सैनिक अजून मातीखालीच आहेत. त्यांचा रंग एकेक करून नव्हे, सरसकट टिकवता येऊ लागला, की कबरीचा विषय काढण्याचा अधिकार मिळेल. तोवर 'आत काय आहे' हे कुतूहल कितीही प्रामाणिक असले, तरी ते पुरेसे कारण नव्हे.