उसातला बिबट्या आणि घरामागचा गोठा



ऊस विकास विभागाच्या पानावर आम्ही बेणे, खत, पाणी आणि खोडव्याची निगा यांविषयी लिहीत असतो. या वेळी विषय वेगळा घेतला आहे. गट ऑफिसात हल्ली तोडीच्या तारखेइतकीच चौकशी बिबट्याची होते. ओझरपासून येडगाव, पिंपळवंडी, ओतूरपर्यंत आणि तिकडे आंबेगावात अवसरी, कळंबपर्यंत कुठल्याही वस्तीवर जा, अंधार पडला की दारे लागतात. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात काय झाले ते आपणांस ठाऊक आहेच. महिन्याच्या आत तीन जीव गेले, त्यांत दोन लेकरे. लोक महामार्गावर उतरले. शेवटी वनविभागाला बिबट्या गोळी घालून मारावा लागला. त्या दिवसांत आयाबाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे बांधून खुरपायला जात होत्या.

म्हणून हा विषय गमतीचा नाही. पण नुसते "पिंजरा लावा" म्हणून भागत नाही, हेही तितकेच खरे.

कुकडी प्रकल्पाची धरणे झाली, कालव्याला पाणी आले आणि आपल्या भागात बारमाही ऊस उभा राहिला. आडसाली लागण जुलै-ऑगस्टची, ती सोळा-अठरा महिने रानात राहते. एवढ्या अवधीत बिबट्याची मादी सुमारे तीन महिन्यांचे गाभणपण काढून, दोन-तीन पिल्ले घालून त्यांना हिंडतेफिरते करू शकते. सावली आहे, पाणी आहे, माणूस आत शिरत नाही. उसात जन्मलेल्या पिल्लाला डोंगर माहीतच नसतो. ऊस हेच त्याचे घर. तेव्हा "जंगलातला प्राणी जंगलात सोडा" हे म्हणणे ऐकायला बरे वाटते, एवढेच.

हा प्रयोग आपल्याच जुन्नर वनविभागात होऊन गेला आहे. २००१ ते २००३ या काळात पकडलेल्या बिबट्यांपैकी २९ बिबटे सुमारे चाळीस किलोमीटरवरच्या जंगलांत नेऊन सोडले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे याचा हिशोब मांडला, तो २०११ साली प्रसिद्ध झाला. त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत, ते या काळात सतरावर गेले. नव्या मुलखात सोडलेला प्राणी बावरतो, परतीच्या वाटेला लागतो, वाटेत माणसाला भिडतो. २००९ साली पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला एक बिबट्या गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला, तो सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या उंबऱ्याशी पोचला. त्यावर पुढे 'आजोबा' हा सिनेमाही निघाला. माणसावर हल्ला करणारा बिबट्या धरलाच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. पण ज्याने फक्त बांधावर दर्शन दिले त्याला हलवून मोकळ्या झालेल्या जागी दुसरा येतो, आणि माणिकडोहच्या निवारा केंद्रात जागा मोजकीच आहे.

मग आपल्या हातात काय आहे? तो उसातून घराकडे कशासाठी येतो, ते आधी पाहू.

शेजारच्या अकोले तालुक्यात, आपल्यासारख्याच ऊसपट्ट्यात, बिबट्याची विष्ठा तपासून त्याच्या पोटात काय जाते ते पाहिले गेले. वजनाने सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, सुमारे ३९ टक्के. शेळ्या त्या भागात कुत्र्यांच्या सातपट, पण त्यांचा वाटा ११ टक्केच, कारण शेळ्या रात्री बहुतेक कोंडलेल्या असतात आणि कुत्री मोकळी. याचा अर्थ सरळ आहे. राखणीला म्हणून ओट्यापाशी साखळीने बांधलेले कुत्रे म्हणजे बिबट्याला दिलेले आवतण. कुत्रा पाळा, पण रात्री आत घ्या. आणि पोल्ट्रीची मेलेली कोंबडी, वासराचे मढे उसाच्या कडेला फेकायचे बंद करा, पुरा. त्या वासावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे तो येतो.

गोठ्याविषयी जरा स्पष्ट बोलतो. आपल्याकडे गाईच्या गोठ्याला पत्रा उत्तम, गव्हाण सिमेंटची, आणि शेळ्यांच्या खोपटाला दार म्हणून तट्ट्या, त्याला सुतळीची गाठ! भिंत आणि छप्पर यांमध्ये हवेसाठी हातभर फट ठेवतात, बिबट्या तिथूनच उतरतो. एकदा आत शिरला आणि शेळ्या धावू लागल्या, की तो एकीवर थांबत नाही. चारही बाजूंनी आणि वरच्या फटीलाही जाड तारेची जाळी हवी, दाराला लोखंडी कडी हवी. हवा जाळीतूनही येते. चार-पाच शेळ्यांच्या किमतीपुढे हा खर्च फार नाही.

आता ज्यावर सभासद आमच्याशी सर्वांत जास्त हुज्जत घालतात तो मुद्दा. ऊस दाराला खेटून लावू नका. कित्येक वस्त्यांवर मोरीचे पाणी जाते तिथपासून सरी सुरू होते. घराच्या बाजूने ३० फूट रुंद आणि ६० फूट लांब पट्टा मोकळा सोडला तर १८०० चौरस फूट होतात, म्हणजे पावणेदोन गुंठेही भरत नाहीत. एकरी ४० टन उतारा धरला तर गुंठ्याला एक टन. दीड-पावणेदोन टन उसासाठी अंगणात खेळणारे पोर धोक्यात घालावे का, हा हिशोब ज्याचा त्याने करावा. शिवाय पट्टा पडीक ठेवा असे आम्ही म्हणत नाही. मेथी करा, कोथिंबीर करा, कांदा करा, लसूणघास करा. गुडघ्याच्या वर जाणारे काही नको. गोठ्यामागे गजराज गवत लावण्याची चाल पडली आहे, ती मात्र मोडा. गजराज आणि ऊस, बिबट्याला दोन्ही सारखेच.

संध्याकाळी दिवेलागणीला आणि पहाटे लहान मुलाला एकटे बाहेर सोडू नये. परसाकडेला अंधारात बसणे टाळावे, कारण बसलेला किंवा वाकलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा भासतो. खुरपणीला बाया गेल्या तर एकीने उभे राहून चौफेर नजर ठेवावी. रात्रपाळीच्या विजेवर दारे धरायला जावे लागते ही आपली जुनी तक्रार रास्तच आहे. दिवसा वीज मिळेपर्यंत निदान दोघांनी मिळून जावे, हातात बॅटरी व काठी असावी, आणि बोलत जावे, मोबाईलवर गाणी लावावीत. चोरपावलांनी जाणारा माणूस आणि बिबट्या एकाच सरीत समोरासमोर आले की दोघांनाही पळायला जागा उरत नाही.

तोडणीच्या वेळी धोका वाढतो, कारण त्याचे घरच आपण तोडत असतो. फडाला घराकडच्या बाजूने तोड लावावी, म्हणजे तो वस्तीपासून लांबच्या अंगाला सरकतो. चारही बाजूंनी तोडत मध्ये बेट उरवू नये. फड पेटवून तर मुळीच नको. जळीत उसाची कपात आपल्याला माहीत आहे, आत पिल्ले असली तर ती जिवंत भाजतात.

पिल्ले सापडली तर हात लावू नये. ती कधी कधी रानमांजराची किंवा वाघाटीची निघतात, तरीही. तोड थांबवून मुकादमाने गटाच्या चिटबॉयला आणि वनरक्षकाला कळवावे. वनविभागाची माणसे पिल्ले तपासून संध्याकाळी त्याच जागी खोक्यात ठेवतात, आणि आई रात्री येऊन एकेक करून घेऊन जाते. आपल्या भागात हे अनेकदा झाले आहे. पिल्ले उचलून गावात आणली, पोरांनी फोटो काढले, तर आई रात्रभर त्या वस्तीभोवती घिरट्या घालते. मग एका दिवसाची तोड वाचवून काय मिळाले?

टोळीवाल्यांच्या कोप्यांचा विचार कोणी करीत नाही. बीड आणि पाथर्डीकडून आलेली ही माणसे पालाच्या झोपडीत, उसाच्या कडेलाच उतरतात, आणि पहाटे आईबाप फडात गेले की पोरे कोपीत एकटी. ज्या सभासदाच्या रानात टोळी उतरते त्याने जागा उसापासून लांब, मोकळी द्यावी, एक बल्ब ओढून द्यावा. आमच्या गट कर्मचाऱ्यांनाही तशी ताकीद दिली आहे.

जनावर मारले गेलेच तर ते हलवू किंवा पुरू नये, त्याच दिवशी वनविभागाला कळवून पंचनामा करून घ्यावा. पंचनाम्याशिवाय भरपाई मिळत नाही. माणूस दगावल्यास २०२३ पासून वारसांना २५ लाख रुपये मिळतात. बिबट्या विहिरीत पडलेला दिसला तर गर्दी न करता कळवावे, आणि ज्यांच्या विहिरींना अजून कठडा नाही त्यांनी उन्हाळ्याआधी बांधून घ्यावा. वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे. तो घरातल्या शाळकरी मुलांच्या वहीवर आणि गोठ्याच्या दारावर लिहून ठेवावा.