नकाराच्या ईमेलमधून नेमकं काय कळतं? परदेशी रेसिडेन्सीचा अर्ज आणि निवडीवरचं संशोधन



मागच्या महिन्यात माझ्या एका मैत्रिणीला युरोपातल्या एका आर्ट रेसिडेन्सीचा नकार आला. ईमेल चार ओळींचा होता: यंदा अर्ज खूप आले, निवड अवघड होती, पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा. ही मैत्रीण कोल्हापूरजवळच्या गावातली, घरचं गुऱ्हाळ आहे. धुराड्यात जमलेली काजळी खरवडून ती स्वतःची शाई बनवते आणि त्या शाईने सहा-सहा फुटी कागदावर चित्रं काढते. नकार वाचून मला म्हणाली, "माझं काम तिकडच्या लेव्हलचं नाही गं. बंद करते आता हे." घरच्यांनी तिला वर्षभराची मुदत दिली आहे. त्यात काही जमलं नाही तर शाळेत नोकरी.

मी चित्रकार नाही, त्यामुळे तिच्या चित्रांवर मी बोलणार नाही. पण निवड समित्या निर्णय कसा घेतात हा माझ्या पीएचडीचाच विषय आहे. म्हणून आज एवढाच प्रश्न घेऊ: अशा नकारातून कामाचा दर्जा कळतो का? आणि पुढचा अर्ज करताना हे संशोधन आपल्या काही उपयोगाचं आहे का?

रेसिडेन्सी म्हणजे काय

थोडक्यात सांगायचं तर कलाकाराला ठरावीक काळासाठी जागा, वेळ आणि बऱ्याचदा पैसे देणारी व्यवस्था. प्रकार मात्र अनेक. अ‍ॅमस्टरडॅमची राइक्सअकादमी १८७० साली कला अकादमी म्हणून सुरू झाली. आज तिथे निवडलेल्या कलाकारांना दोन वर्षांपर्यंत स्टुडिओ आणि कार्यशाळा वापरायला मिळतात. दुसरीकडे काही आठवड्यांच्या किंवा तीन महिन्यांच्या रेसिडेन्सी असतात. लंडनची गॅसवर्क्स आणि १९९७ साली सुरू झालेली आपली दिल्लीची 'खोज' या दोन्ही ट्रँगल नावाच्या जाळ्यातल्या. त्या जाळ्याची सुरुवात १९८२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका कार्यशाळेने झाली.

आपल्याकडे ही वाट नवी नाही. नागपुरात जन्मलेले, मूळ गोव्याच्या कुटुंबातले वासुदेव गायतोंडे १९६४ साली रॉकफेलर फेलोशिपवर न्यूयॉर्कला गेले होते. गायतोंडे मितभाषी म्हणून प्रसिद्ध. त्यांना आज 'तुमच्या कामाबद्दल पाचशे शब्दांत लिहा' हा रकाना भरायला सांगितला असता तर? माझ्या मैत्रिणीची खरी अडचण त्याच रकान्यात आहे.

कलेची ती इंग्रजी

तिच्या अर्जातलं पहिलं वाक्य मराठीत आणलं तर साधारण असं होतं: "माझी कलाप्रक्रिया श्रम आणि स्मृती यांच्यातल्या सीमारेषीय अवकाशाची चिकित्सा करते." मी विचारलं, यात काजळी कुठे आहे? ती म्हणाली, "ती फोटोखालच्या ओळीत आहे."

ही भाषा तिने शोधलेली नाही. २०१२ मध्ये अ‍ॅलिक्स रूल आणि डेव्हिड लेव्हिन यांनी 'ट्रिपल कॅनोपी' या नियतकालिकात एक गाजलेला लेख लिहिला. 'ई-फ्लक्स' ही संस्था जगभरच्या प्रदर्शनांची निवेदनं ईमेलने पाठवते. या दोघांनी ती निवेदनं गोळा करून संगणकावर तपासली आणि नेहमीच्या ब्रिटिश इंग्रजीशी ताडून पाहिली. त्यांना दिसलं की कलाजगताची एक वेगळीच इंग्रजी तयार झाली आहे. 'अवकाश' या शब्दाचा सुळसुळाट, साध्या विशेषणांची जडजड भाववाचक नामं, आणि जिथे तिथे काहीतरी कशाला तरी 'प्रश्न विचारतंय'.

लेख वाचून खूप लोक हसले. पण पुढच्याच वर्षी हितो स्टायर्ल या कलाकार-लेखिकेने उत्तर दिलं. तिचा मुद्दा थोडक्यात असा: ही निवेदनं लिहितं कोण? बऱ्याचदा कमी पगारावर किंवा फुकट राबणारी, इंग्रजी मातृभाषा नसलेली तरुण मंडळी. त्यांच्या इंग्रजीला हसून 'शुद्ध' इंग्रजीचं माप लावलं तर पुन्हा वरचष्मा इंग्रजी घरात जन्मलेल्यांचाच राहतो.

मला दोघांचंही पटतं. मैत्रिणीने ती भाषा उचलली यात तिचा दोष नाही, कारण दारावर तीच भाषा ऐकू येते. पण त्या भाषेत तिची काजळी हरवली, हेही तितकंच खरं.

मोघम लिहावं की नेमकं?

मग 'सरळ, नेमकं लिहा' एवढं सांगून मोकळं व्हायचं का? थांबा, इथे एक गुंता आहे. ज्युलियन कोलेव्ह, युली फुएन्तेस-मेडेल आणि फियोना मरी यांनी गेट्स फाउंडेशनकडे आलेले ६,७९४ संशोधन प्रस्ताव तपासले. परीक्षकांना अर्जदाराचं नाव दिसत नव्हतं, तरीही स्त्रियांच्या प्रस्तावांना कमी गुण मिळत होते. एक मोठं कारण शब्दांत सापडलं. स्त्रिया जास्त करून विषयापुरते नेमके शब्द वापरत होत्या, पुरुष व्यापक शब्द वापरत होते, आणि परीक्षकांचा कल व्यापक शब्दांकडे होता. पण व्यापक शब्दांच्या प्रस्तावांतून पुढे काम जास्त चांगलं झालं, असं काही दिसलं नाही.

हा अभ्यास विज्ञानाच्या प्रस्तावांचा आहे, चित्रकलेचा नाही. तरी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. वाचणाऱ्याला तुमच्या विषयाची माहिती नसते, त्याला आत शिरायला दार लागतं. म्हणून मी मैत्रिणीला सुचवलं की पहिलं वाक्य कोणालाही कळेल असं घे, आणि लगेच दुसऱ्या वाक्यात फक्त तूच लिहू शकशील असं काहीतरी सांग. बराच वेळ खटपट करून तिने लिहिलं:

"जे जळून जातं त्यातून काय उरतं, हे मी चित्रांतून शोधते. आमच्या गुऱ्हाळात उसाचं चिपाड जाळून गूळ शिजतो. गूळ बाजारात जातो, काजळी आमच्याकडे राहते, आणि मी त्या काजळीने काढते."

यात श्रमही आहे आणि स्मृतीही. दोन्ही शब्द मात्र नाहीत.

दुसरी समिती, दुसरा निकाल

आता मूळ प्रश्न. २०१८ मध्ये एलिझाबेथ पिअर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध केला. वैद्यकीय संशोधनाचे २५ खरे अर्ज त्यांनी ४३ तज्ज्ञ परीक्षकांत वाटले, एकेक अर्ज अनेकांकडे जाईल असे. निष्कर्ष धक्कादायक होता. एकाच अर्जाला दोन परीक्षकांनी दिलेले गुण एकमेकांच्या जितके जवळ होते, तितकेच दोन वेगवेगळ्या अर्जांचे गुणही जवळ होते. म्हणजे गुण अर्जावर कमी आणि तो कोणाच्या हाती पडला यावर जास्त अवलंबून होते.

इथे एक खुलासा हवा. हे सगळे अर्ज मुळातच चांगल्या दर्जाचे होते. कच्चा अर्ज आणि पक्का अर्ज यांतला फरक परीक्षकांना कळत नाही, असं हा अभ्यास म्हणत नाही. चांगल्या-चांगल्यांतून निवडायची वेळ आली की मतं पांगतात, एवढंच तो सांगतो. नावाजलेल्या रेसिडेन्सीत शेवटच्या यादीत नेमकी हीच वेळ येते. आणि तिथे तर विज्ञानासारखे ठरलेले निकषही नसतात.

म्हणून नकाराच्या ईमेलचा अर्थ एवढाच: या वर्षी, या समितीने, या जागांसाठी दुसऱ्यांना घेतलं. त्यावरून 'माझं काम त्या दर्जाचं नाही' हा निष्कर्ष निघत नाही. उलटही खरं आहे बरं का. एका निवडीने दर्जा सिद्ध होत नाही.

मग करायचं काय?

एक: एकाच अर्जावर सगळं लावू नका. वर्षाला चार-पाच ठिकाणी पाठवा. एका नकारानंतर अख्खा अर्ज उलटापालटा करू नका. दोन-तीन नकारांनंतर मात्र कामाबाहेरच्या कोणाला तरी वाचायला द्या आणि 'मी काय करते?' एवढंच विचारा. सांगता आलं नाही तर मजकूर बदला.

दोन: पैशाचा हिशोब आधी. राहणं, स्टुडिओ, प्रवास, साहित्य, जेवण, व्हिसा असे सहा रकाने करा आणि प्रत्येकापुढे 'ते' किंवा 'मी' लिहा. सगळीकडे 'मी' येत असेल तर ती जागा भाड्याने देणं झालं, तिला शिष्यवृत्ती समजू नका. अर्जाची फी असेल तर तीही यात धरा.

तीन: फोटो. परीक्षक बहुधा ते स्क्रीनवर बघतात, तिथे सहा फुटी चित्र आणि पोस्टकार्ड सारखंच दिसतं. एका तरी फोटोत शेजारी माणूस उभा करा. खाली शीर्षक, वर्ष, माध्यम आणि आकार लिहा.

चार: तारखा. युरोपातल्या शेंगेन देशांत अल्पमुदतीच्या व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. रेसिडेन्सी त्याहून लांब असेल तर त्या देशाचा वेगळा व्हिसा लागतो. निमंत्रणपत्र कधी मिळेल, हे निवड झाल्या झाल्या विचारा.

मैत्रिणीने नवा मजकूर तीन ठिकाणी पाठवला आहे. निकाल यायचे आहेत आणि घरच्यांची मुदत मार्चपर्यंत आहे. निवड होईलच असं मी तिला सांगू शकत नाही, माझं संशोधनही सांगू शकत नाही. पण परवा तिचा फोन आला होता. गुऱ्हाळाचा हंगाम सुरू झालाय, धुराडं साफ करायला गडी येणार होता, त्याला तिने थांबवून ठेवलंय. आधी काजळी काढून घेते म्हणाली.

तुमच्या ओळखीत कोणी असा अर्ज भरत असेल, तर हा लेख त्यांच्यापर्यंत जरूर पोहोचवा.