अप्सरा, आसरा आणि अद्भुतरम्य कादंबरी

परीलोकीची प्रेमकथा आणि राजेरजवाड्यांचा भूतकाळ यांची सांगड घालणाऱ्या कादंबऱ्यांना इंग्रजीत आज मोठा वाचकवर्ग लाभला आहे. मराठीला हा प्रकार अपरिचित नाही. किंबहुना मराठी कादंबरीचा आरंभकाळ बऱ्याच अंशी त्याच्याच एका सख्ख्या भावंडाने व्यापलेला आहे. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांच्या ‘मुक्तामाला’ (१८६१) व ‘रत्नप्रभा’ (१८६६) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) ही त्याची ठळक उदाहरणे होत. वाङ्मयेतिहासात या कृतींची बोळवण बहुधा ‘अद्भुतरम्य’ या एका विशेषणाने होते. परंतु या कादंबरीकारांना अद्भुताची गरज का भासली, आणि मराठी मुलखात लोकश्रद्धेने जिवंत ठेवलेली अप्सरा त्यांच्या कथांत का आली नाही, हे दोन प्रश्न एकत्र विचारात घेतल्यास या विशेषणापलीकडचे काही हाती लागते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर खुद्द रिसबुडांनीच ‘मंजुघोषे’च्या प्रस्तावनेत दिले आहे. आपल्याकडील विवाहाची रीत व अन्य कारणे यांमुळे हिंदूंच्या आयुष्यात मनोवेधक असे काही घडत नाही. नित्याच्या अनुभवाचेच वर्णन केले तर ते रंजक होत नाही. म्हणून रंजक ग्रंथ लिहू पाहणाऱ्यास अद्भुताकडे वळावे लागते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. हे विधान वाङ्मयीन कमी आणि सामाजिक अधिक आहे. ज्या समाजात मुलीचे लग्न तिला कळू लागण्यापूर्वीच होते, तेथे परस्परांना पाहून, पारखून जडणारे प्रेम दाखवायचे कोठे? त्यासाठी दूरचे राज्य लागते, राजकन्या लागते, आणि घरच्या वडीलधाऱ्यांचा रिवाज जेथे पोहोचत नाही असा काळ लागतो. राजेशाही भूतकाळ हा या कादंबऱ्यांत इतिहास म्हणून येत नाही. ती संमतीच्या प्रेमासाठी केलेली जागा आहे.

या दृष्टीने नायिकेचे नावही बोलके ठरते. मंजुघोषा हे पुराणपरंपरेतील एका अप्सरेचे नाव आहे. पापमोचनी एकादशीच्या कथेत मेधावी ऋषीचा तपोभंग करणारी ती हीच. अप्सरा स्वेच्छेने येते आणि स्वेच्छेने जाते. ऋग्वेदातील पुरूरवा-उर्वशी संवादापासून राजा आणि अप्सरा यांच्या प्रेमकथेत हा धागा आहे: राजा विनवणी करतो, आणि थांबायचे की नाही हे ती ठरवते. कादंबरीकाराने हे नाव मानवी नायिकेला दिले, तेव्हा त्या स्वेच्छेची छायाही तिच्यावर पडली. मात्र अप्सरेचे भय त्याने मागे ठेवले.

ते भय कोठे राहिले, हे पाहण्यासाठी पुस्तकातून मुलखात उतरावे लागते. पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील मुळशी हा डोंगरदऱ्यांचा, अतिपावसाचा प्रदेश. जुन्या बारा मावळांपैकी पौड मावळ येथलाच. कोरीगड आणि घनगड हे किल्ले याच तालुक्यातले. मावळपट्ट्यात, आणि एकूणच महाराष्ट्रात, डोहाकाठी किंवा विहिरीपाशी शेंदूर फासलेले सात दगड असतात. त्या ‘साती आसरा’. ‘आसरा’ हे ‘अप्सरा’ या शब्दाचेच लोकरूप होय. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ (१९६२) या ग्रंथात पुणे परिसरातील मातृदेवतांचा मागोवा घेताना या जलदेवतांचीही दखल घेतली आहे. आसरा पाण्याशी बांधलेली असते. ती तरुण मुलीला, ओल्या बाळंतिणीला धरते. माणसाला डोहात ओढते. खणनारळाने शांत होते. तिच्याशी व्यवहार होतो, प्रणय होत नाही. उर्वशीपाशी असलेली सत्ता तिच्यापाशी आहे, पण तिची विनवणी करायला राजा नाही.

गड, मावळ आणि जलदेवता ही सामग्री अशी हाताशी असताना अद्भुतरम्य कादंबरीने ती घेतली नाही. संस्कृत कथापरंपरा आणि कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या भाषांतरातून मराठीत येऊ लागलेल्या अरबी गोष्टी यांचाच आदर्श शिक्षित लेखकापुढे होता. शिवाय आसरेची गोष्ट स्थळाला चिकटलेली असते. ‘अमुक डोहात’ म्हटल्यावाचून तिला अर्थ नाही. प्रेमासाठी रिवाजापासून दूर जाऊ पाहणाऱ्या कादंबरीला ओळखीचे स्थळ अडचणीचेच ठरले असते.

प्रत्यक्ष मुलूख कादंबरीत आला तो रा. भि. गुंजीकर यांच्या ‘मोचनगड’मध्ये (१८७१). गडाचे नाव कल्पित, परंतु काळ शिवाजी महाराजांचा. पुढच्याच वर्षी काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल व नाटक यांविषयीच्या निबंधात अद्भुताच्या आहारी जाण्यावर टीका केली. हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षांत कोण घेतो?’मध्ये बालवधूचे आयुष्य हाच कादंबरीचा विषय केला आणि रिसबुडांचे गृहीतक निकालात काढले: ज्या विवाहरीतीमुळे लिहिण्याजोगे काही घडत नाही असे वाटत होते, तिच्यातच लिहिण्याजोगे सर्व काही होते. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’ने (१८५७) ही वाट आधीच दाखवली होती. ‘उषःकाल’मध्ये हरिभाऊंनी भूतकाळही हाताळला, पण तो इतिहास म्हणून. अशा रीतीने अद्भुताला स्थळ मिळाले नाही आणि स्थळाला अद्भुत मिळाले नाही. दोन प्रवाह वेगळेच राहिले.

या वाटणीची किंमत मुळशीच्या संदर्भात विशेष जाणवते. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली येथे सत्याग्रह झाला. तरीही धरण झाले आणि खोऱ्यातील गावे व शेते पाण्याखाली गेली. जमिनीचा हिशेब कागदोपत्री राहतो. डोहाशी जडलेली गोष्ट मात्र डोह बुडाल्यावर सांगणाऱ्याच्या आठवणीपुरतीच उरते. कादंबरीने ती घेतली असती तर तिला दुसरे घर मिळाले असते.

म्हणून अद्भुतरम्य कादंबरीला बालिश ठरवणे जितके अपुरे, तितकेच लोककथेला निव्वळ अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणे अपुरे आहे. पहिलीत स्त्रीच्या निवडीची आकांक्षा आहे, दुसरीत स्त्रीला वाटणारे भय आहे. ‘मंजुघोषा’ वर्गात शिकवताना डोहाकाठचे सात दगडही विद्यार्थ्यांपुढे ठेवले, तर एकाच शब्दाच्या या दोन रूपांमधले अंतर किती सामाजिक आहे, ते त्यांना दिसू शकेल.